बेगम साहिबांचा जमाखर्च : सहा शनिवारांच्या अभ्यासवर्गाविषयी

आषाढात सुरू होऊन नारळी पौर्णिमेच्या आधी संपलेला, मोगल दरबारातील शहजाद्यांच्या, म्हणजे राजकन्यांच्या, जीवनावरचा सहा शनिवारांचा एक सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसात अशी त्याची वेळ होती, शुल्क १,२०० रुपये होते आणि त्यात चहा व छापील टिपणे धरलेली होती. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगल्याबरोबर काही तक्रारीही मांडायच्या आहेत. पुढची तुकडी दिवाळीनंतर भरणार असल्याचे कळल्यामुळे, जावे की न जावे अशा विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे. एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालेली बाई मी, आणि शहजादी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे तेच एक चित्र यायचे : संगमरवरी सज्जात बसलेली, हातात गुलाबाचे फूल, मागे पंखा ढाळणारी दासी. ही बाई दिवसभर करते काय, तिच्या हाताखाली किती माणसे, तिला पैसे कोण देतो आणि ती ते कशावर खर्च करते, हे प्रश्न त्या चित्राला कुणी विचारत नाही. अभ्यासवर्गाच्या पत्रकावर तिसऱ्या शनिवारचा विषय 'बेगम साहिबांचे उत्पन्न' असा छापलेला पाहिला, आणि केवळ त्या एका ओळीसाठी मी नाव नोंदवले. तो निर्णय चुकला नाही, हे आधीच सांगते.

व्याख्यात्या बाई महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका असून फारसी त्यांना मुळातून वाचता येते, आणि याचा फायदा पहिल्याच तासाला दिसला. अकबराच्या काळातील जनान्याची व्यवस्था अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवली आहे. तीत पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा उल्लेख येतो, आणि एवढा एक आकडा उचलून पुढे भलतेसलते रंगवणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले आहेत. बाईंनी त्या आकड्यावर अर्धा मिनिटही न घालवता फळ्यावर चार चौकोन काढले. सर्वांत आत शहाण्या, चपळ स्त्रियांचा पहारा, त्याच्या बाहेर खोजे, त्यांच्यापासून काही अंतरावर विश्वासू राजपूत आणि त्यापलीकडे दारांवरचे द्वारपाल. मग बाईंनी विचारले, "आता या चार चौकोनांतून पैसा आत कसा जायचा?"

माझ्यासारखीला यापेक्षा गोड प्रश्न दुसरा नाही. आईनमधली पद्धत अशी : जनान्यातील प्रत्येक स्त्रीचे वेतन ठरलेले असे, वरिष्ठ स्त्रियांचे महिना १,०२८ पासून १,६१० रुपयांपर्यंत आणि चाकरणींचे अगदी दोन रुपयांपासून पुढे. एखादीला आपल्या वेतनाच्या मर्यादेत काही हवे असेल तर तिने जनान्यातील तहवीलदाराकडे, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्याकडे, मागणी करायची, त्याने त्याचे टिपण लेखनिकाकडे पाठवायचे, लेखनिकाने ते तपासायचे आणि मग मुख्य खजिनदाराने पैसे द्यायचे. ते रोखच द्यायचे, कारण या खात्यासाठी वरात काढीत नसत. वरात हा शब्द ऐकून मागच्या रांगेतील दोन मुली हसल्या तेव्हा, लग्नाच्या वरातीचा येथे संबंध नसून खजिन्यावर काढलेल्या हुंडीसारख्या कागदालाही आपल्या जुन्या दप्तरात वरातच म्हणतात, हे बाईंनी समजावून सांगितले. वर्षाच्या खर्चाचा अंदाज हाच लेखनिक करी, त्याची पावती मंत्र्यांच्या सहीने पुढे जाई, आणि केवळ जनान्याच्या कामासाठी राखलेली वेगळी शाही मोहोर तिच्यावर उमटे. मागणी करणारी वेगळी, तपासणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा! आमच्या बँकेत ही साखळी नीट बसायला लेखापरीक्षणाची किती वर्षे गेली, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या शनिवारी गुलबदन बेगम झाली. बाबराची ही मुलगी, हुमायूनची सावत्र बहीण, अकबराची आत्या. तिने भावाच्या आठवणी लिहिल्या आणि १५७०च्या दशकात घरातील स्त्रियांचा काफिला घेऊन ती सुरतेहून हजला गेली, ती १५८२मध्ये परतली. तिच्या आठवणींची हाती असलेली प्रत हुमायूनचा भाऊ कामरान याला आंधळे करण्याच्या प्रसंगापाशी वाक्याच्या मध्येच तुटते, ही गोष्ट मनात राहिली. एरवी त्या दिवशी वंशावळीच फार झाल्या आणि सभागृहात पेंगुळणाऱ्यांत मीही होते.

तिसरा शनिवार मात्र पैसे वसूल करणारा ठरला.

जहांआरा, म्हणजेच बेगम साहिबा, ही शहाजहान आणि मुमताज महल यांची थोरली मुलगी, जन्म १६१४चा. शहाजहान १६२८मध्ये गादीवर आला तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलीला एक लाख अशर्फ्या, चार लाख रुपये आणि वर्षाला सहा लाखांची नेमणूक मिळाली. तिच्या आईची नेमणूक दहा लाखांची होती. जून १६३१मध्ये बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या जळगावच्या पुढे तापीच्या काठी, चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली, आणि बाप शोकात बुडालेला असताना जनान्याच्या किल्ल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती आल्या. शहाजहानच्या इतर राण्या हयात असूनही पादशाह बेगम हा पहिल्या मानाचा दर्जा मुलीला मिळाला. मुमताजच्या सुमारे एक कोटीच्या मालमत्तेपैकी निम्मी तिला, उरलेली निम्मी बाकीच्या सगळ्या भावंडांत मिळून, आणि वार्षिक नेमणूक वाढून दहा लाख.

बाईंनी येथवरचे आकडे सांगून सर्वांना कोरा कागद दिला आणि जमेची व खर्चाची बाजू आपापली मांडायला सांगितली. सभागृहातील निम्म्या लोकांना हे शाळकरी वाटले असावे, कारण कुजबुज झाली. मी मात्र चष्मा पुसून सरसावून बसले. जमेला नेमणूक, आईचा वारसा, सुरत बंदराचे उत्पन्न, काही परगणे आणि स्वतःच्या व्यापाराचा नफा. खर्चाला पहिलीच मोठी रक्कम १६३३ची आहे : दारा शुकोहचे लग्न. त्या लग्नाला ३२ लाख लागले आणि त्यांतील १६ लाख एकट्या जहांआराने घातले. दहा लाखांच्या वार्षिक नेमणुकीतून हे भागणे शक्यच नाही, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाची मिळकत एका लग्नात गेली, आणि ती आईच्या वारशातून गेली असणार, असे मी माझ्या कागदावर लिहिले. बाईंनी तो कागद वर धरून सर्वांना दाखवला. या वयात असे कौतुक झाले की माणूस उगाचच लाजतो. आई गेलेल्या घरात थोरल्या बहिणीने भावाचे लग्न उभे करायचे, मांडवापासून मानपानापर्यंत सारे पाहायचे, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरात समजण्यासारखे आहे. फरक एवढाच, की येथे बहिणीच्या पदरचे सोळा लाख होते.

सुरतेचे प्रकरण तर कोल्हापूरच्या श्रोत्यांना थेट भिडणारे होते. तिचे 'साहिबी' नावाचे जहाज होते आणि १६४३मधील तिच्या एका आज्ञेनुसार त्या जहाजातून दरवर्षी मक्केच्या गोरगरिबांना वाटण्यासाठी ५० कोनी तांदूळ जात असे. एक कोनी म्हणजे चार मण, तेव्हा दोनशे मण झाला. धर्मादाय आणि व्यापार एकाच गलबतात भरण्याची ही रीत मला फार व्यवहारी वाटली. आता याच सुरतेवर जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज चालून गेले. आपण ती मोहीम शाळेपासून वाचत आलो आहोत, परंतु त्या बंदराचा वसूल कुणाच्या खात्यावर पडत होता, हे कोणत्याही इयत्तेत कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही. दोन वर्षांनी, मे १६६६मध्ये, महाराज आग्र्याच्या दरबारात गेले तेव्हा त्यांना शासन करावे म्हणून बादशहाकडे हट्ट धरणाऱ्यांत बेगम साहिबाही होती, असे आंबेर (पुढच्या जयपूर) दरबाराच्या त्या काळातील राजस्थानी पत्रांतून दिसते. शाहिस्तेखानाच्या बहिणीचा राग भावाच्या बोटांसाठी होता आणि बेगम साहिबांचा बंदरासाठी. बाईंनी हे सांगितल्यावर सभागृहात क्षणभर शांतता पसरली, आणि मग कुणीतरी मागून म्हणाले, "म्हणजे महाराजांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं." टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या थांबू दिल्या आणि शांतपणे सांगितले, की ज्या स्त्रीचे नुकसान झाले ती काय म्हणाली हे समजून घेतल्याने महाराजांची मोहीम लहान होत नाही. शिवरायांच्या बाबतीत अवाक्षर काढतानाही वक्ते चार वेळा विचार करतात, अशा या दिवसांत इतक्या समतोलपणे बोललेले ऐकायला मिळणे ही या वर्गाची मोठी जमेची बाजू आहे.

चौथ्या शनिवारी टेबलावर मलमलीचा एक तुकडा होता. बाईंनी तो कुणाकडून तरी मागून आणला होता आणि रांगेतून हातोहात फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा खालच्या तळव्यावरच्या रेषा त्यातून मोजता येत होत्या. सर्वांचे पाहून झाल्यावर बाईंनी त्यातील बोटभर धागे सोडवून घेतले, त्यांना अत्तराचा थेंब लावला आणि पितळी ताटलीत समईच्या वातीजवळ नेले. ज्योत लागण्याचीही वाट न पाहता ते भुर्रकन संपले. ताटलीत काळी रेघसुद्धा राहिली नाही. १६४४मध्ये जहांआरा बापाच्या महालातून आपल्या दालनाकडे जात असताना जमिनीवर ठेवलेल्या दिव्यावरून तिच्या वस्त्राचा पदर गेला आणि अत्तराने भिजलेली ती मलमल पेटली. चार दासींनी अंगावर झेप घेऊन आग विझवायचा प्रयत्न केला. त्याही भाजल्या, आणि जिवावर बेतले ते त्यांच्यापैकीही काहींच्या. बेगमेच्या दुखण्याच्या नोंदी भरभरून आहेत. शहाजहान स्वतः उशाशी बसून राही, दररोज रात्री तिच्या उशीखाली हजार रुपयांची थैली ठेवून सकाळी ती गरिबांत वाटली जाई. अखेरीस आरिफ नावाच्या एका गुलामाने केलेल्या मलमाने जखमा भरल्या आणि नोव्हेंबरमध्ये आठ दिवसांचा उत्सव झाला. त्या दासींची नावे कुणाला ठाऊक आहेत का, असे पुढच्या रांगेतील एका मुलीने विचारले. बाईंनी समईकडे पाहत नुसती मान हलवली.

याच प्रसंगाला चिकटलेली एक दंतकथा बाईंनी फार सफाईने सोडवून दाखवली. गॅब्रिएल बाउटन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने शहजादीला बरे केले आणि बक्षीस म्हणून कंपनीसाठी बंगालात व्यापाराची सवलत मागून घेतली, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. परंतु तो गृहस्थ सुरतेहून निघाला १६४५मध्ये, म्हणजे उत्सव होऊन गेल्यावर. पावतीवरची तारीख माल पोहोचल्याच्या तारखेनंतरची असेल तर लेखापरीक्षक त्या पावतीचे काय करतो, हे मला कुणी सांगायला नको.

परकीय प्रवाशांच्या साक्षी कशा तपासायच्या, हे तर या वर्गाने मला कायमचे शिकवले. फ्रेंच वैद्य बर्नियर याने जहांआराच्या प्रियकरांच्या आणि त्याहूनही वाईट अशा वदंता लिहून ठेवल्या, आणि युरोपात त्या चवीने वाचल्या गेल्या. या बर्नियरला एका आजारी स्त्रीसाठी जनान्यात जाण्याचा प्रसंग आला होता आणि त्याचे वर्णन त्यानेच केले आहे : डोक्यापासून पायांपर्यंत काश्मिरी शाल पांघरलेली आणि एक खोजा आंधळ्याला न्यावे तसे हाताला धरून नेतो आहे. ज्याने जनाना शालीच्या आतून पाहिला त्याची साक्ष कितपत धरायची? पुन्हा मनुची हा दुसरा युरोपीय, जो स्वतः भोचकपणात कमी नव्हता, तोसुद्धा म्हणतो की बर्नियरच्या या गोष्टी हलक्या लोकांच्या गप्पांवर आधारलेल्या आहेत. बाईंनी दोघांचे उतारे समोरासमोर ठेवून वाचले. आपल्या गल्लीतही एकटी राहणारी, चार पैसे हाताशी असणारी बाई असली की तिच्याविषयी जे बोलले जाते, त्यात आणि या उताऱ्यांत मला काही अंतर दिसले नाही; हे माझे मत आहे, बाईंचे नव्हे.

जहांआराचा भक्तिमार्गाकडचा कल, मुल्ला शाह बदख्शी या कादिरी गुरूंचा तिने घेतलेला अनुग्रह आणि ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींवर तिने १६४०च्या सुमारास लिहिलेला 'मुनिस-उल-अरवाह' हा ग्रंथ, यांना मात्र जेमतेम वीस मिनिटे मिळाली. दिल्लीचा चांदणी चौक आणि त्याच्या काठची, १८५७नंतर इंग्रजांनी पाडलेली बेगम सराई, आग्र्याची १६४८मध्ये पाच लाख खर्चून पुरी झालेली जामा मशीद, या बांधकामांची चित्रेही भराभर पुढे सरकली. पाच लाख म्हणजे तिची अर्ध्या वर्षाची नेमणूक, असे मी वहीत टिपून ठेवले आणि पुढच्या चित्राकडे वळेपर्यंत तेही गेले होते.

पाचवा शनिवार वारसायुद्धाचा. ही कथा सर्वांना तोंडपाठ असल्याने बाईंनी लढायांना फाटा दिला आणि १० जून १६५८ या एका दिवसावर थांबल्या, हे मला फार आवडले. दारा सामूगढला हरून पळालेला, आग्र्याच्या किल्ल्याचे पाणी तोडल्यामुळे म्हाताऱ्या शहाजहानने दरवाजे उघडलेले, आणि जहांआरा वाटणीचा तोडगा घेऊन औरंगजेब या धाकट्या भावाच्या छावणीत गेलेली : पंजाब दाराला, गुजरात मुरादला, बंगाल शुजाला, दख्खन औरंगजेबाच्या मुलाला, आणि बाकीचे राज्य व वारसाहक्क औरंगजेबाला. घर फुटते आहे हे दिसत असताना भावाभावांत कागदावर रेघा ओढून देणारी थोरली बहीण, आणि तिचे सारे ऐकून घेऊन नाही म्हणणारा भाऊ. पुढे जानेवारी १६६६मध्ये शहाजहानचे डोळे मिटेपर्यंत ती त्याच्याबरोबर आग्र्याच्या किल्ल्यातच राहिली. एवढे होऊनही औरंगजेबाने तिला पुन्हा पादशाह बेगम केले, तिची नेमणूक १७ लाखांवर नेली, आणि त्याची बाजू घेणारी बहीण रोशनआरा मागे पडली. दरबारात कुणाला कुणाची गरज असते, हे नात्यावरून कधीच ओळखू नये.

सहाव्या शनिवारी अपेक्षेप्रमाणे सभागृह तुडुंब भरले, कारण विषय झेबुन्निसा होता. आपल्याकडच्या जुन्या नाटक-कादंबऱ्यांनी औरंगजेबाच्या या मुलीला आग्र्याच्या दरबारात पडद्याआडून महाराजांवर भाळायला लावले आणि दोनतीन पिढ्यांनी ते खरे मानले. पहिला प्रश्न त्याचाच आला. समकालीन कागदांत याला काडीचाही आधार नाही, एवढे एका वाक्यात सांगून बाई खऱ्या झेबुन्निसेकडे वळल्या : १६३८मध्ये आपल्या दौलताबादेत जन्मलेली, लहान वयात कुराण मुखोद्गत केल्याबद्दल बापाकडून तीस हजार सोन्याची नाणी मिळवणारी, 'मख्फी' म्हणजे झाकलेली या नावाशी जिची कविता जोडली जाते अशी. तिचा भाऊ अकबर १६८१मध्ये बापावर उलटला आणि आश्रयाला संभाजी महाराजांकडे आला. त्याच्याशी चाललेला बहिणीचा पत्रव्यवहार सापडला, चार लाखांची नेमणूक बंद झाली, मालमत्ता जप्त झाली आणि दिल्लीच्या सलीमगडात तिने उरलेली एकवीस वर्षे काढली; १७०२मध्ये ती तेथेच गेली. मराठ्यांशी असलेला तिचा खरा संबंध हा आहे, आणि तो नाटकांतल्या संबंधापेक्षा कितीतरी जड आहे.

तिच्या धाकट्या बहिणीला, झीनतुन्निसेला, मात्र शेवटची पंचवीस मिनिटे उरली, आणि येथे माझी तक्रार सुरू होते. ही मुलगी अविवाहित राहून बापाबरोबर दख्खनेत आली आणि १७०७पर्यंत त्या फिरत्या छावणीचा जनाना तिने सांभाळला. १६८९च्या अखेरीस रायगड पडल्यावर येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत आले, तेव्हा बादशहाच्या तंबूंभोवतीच्या गुलालबारात, म्हणजे कापडी भिंतींच्या आवारात, त्यांची राहण्याची सोय झाली आणि झीनतुन्निसेने त्या मायलेकरांवर लोभ ठेवला. ही छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला चार वर्षे होती. १७०१मध्ये औरंगजेब स्वतः आपल्या पन्हाळ्याखाली तळ देऊन बसला होता आणि विल्यम नॉरिस हा इंग्रजांचा वकील तेथेच त्याला भेटला. सज्जे आणि संगमरवर सोडून कापडी भिंतींत, पावसाळ्यात आपल्या चिखलातून चालणारे शहजादीचे जीवन कसे असेल, हा या शहरात विचारायचा खरा प्रश्न होता. शाहू सुटून आले म्हणून ताराबाईंशी वाद झाला आणि त्यातूनच सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या; तेव्हा गुलालबारातील त्या मुलाचे बालपण हा आमच्या घरचाच विषय आहे. त्यातही शाहू म्हटल्यावर येथे राजर्षींखेरीज दुसरे नाव सुचत नसल्याने एका महाविद्यालयीन मुलाने "शाहू महाराज औरंगजेबाच्या छावणीत कधी होते?" असे गोंधळून विचारले, आणि उरलेल्या वेळातील पाच मिनिटे तो घोळ निस्तरण्यात गेली.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगते. उद्वाहक सहाही शनिवार बंद होता, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी दोन मजल्यांची तयारी ठेवावी. चित्रे दाखवण्याचे यंत्र दोनदा बंद पडले आणि दुसऱ्या वेळी सुरूच झाले नाही. टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिक्या होत्या की आकड्यांचे तीन आणि आठ ओळखू येत नव्हते. मी माझ्या प्रतीवर सारे आकडे शाईने पुन्हा लिहिले. फारसी शब्दांची यादी देण्याचे पत्रकात कबूल केले होते, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. चहा चांगला असे आणि वेळेवर येई.

यादी नसल्याची उणीव एका श्रोत्याने भरून काढली. माझ्या शेजारी एक निवृत्त उर्दू शिक्षक बसत. जहांआरा सप्टेंबर १६८१मध्ये वारली आणि दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात, वर छत नसलेल्या कबरीत तिला पुरले. त्या कबरीवरच्या ओळी पडद्यावर दिसत असतानाच यंत्र बंद पडले. बाई टिपण शोधू लागल्या तोवर सर बसल्या जागेवरून, डोळे मिटून म्हणू लागले : "बगैर सब्जा न पोशद कसे मजारे मरा, के कब्रपोशे गरीबाँ हमीं गियाह बस अस्त." मग स्वतःच मराठीत म्हणाले, "हिरव्या गवताखेरीज माझ्या कबरीवर कुणी काही घालू नये, गरिबाला पांघरायला एवढं गवत पुरे." सतरा लाखांची नेमणूक असलेल्या बाईने स्वतःला गरीब म्हणावे, यावर मी काहीतरी बोलणार होते, सरांचा आवाज ऐकून बोलले नाही.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद भरून घेतला गेला. त्यावर मी शहरबानूचे नाव लिहिले. ही विजापूरच्या अली आदिलशहाची मुलगी आणि सिकंदरची बहीण, जिला तेथले लोक पादशाह बीबी म्हणत. मोगलांनी शहजाद्यासाठी तिची मागणी केली होती, आणि आपल्या जाण्याने शहरावरचे संकट टळेल या आशेने ती १६७९मध्ये विजापूर सोडून मोगल छावणीत गेली. संकट टळले नाही, आणि १६८१मध्ये तिचा शहजादा आझमशी विवाह झाला. पन्हाळ्यासह हा सारा मुलूख वर्षानुवर्षे आदिलशाहीत होता, म्हणजे आपल्या शेजारच्या दरबारातून निघून मोगल जनान्यात गेलेली शहजादी ती हीच, आणि सहा शनिवारांत तिचे नाव एकदाही आले नाही. चिटणीसांनी कागद वाचून, "वहिनी, विजापूर आपल्या विषयात बसत नाही हो," असे अदबीने सांगितले. आझमची बायको मोगल घराण्यात बसते की नाही, असे मी विचारले, तेव्हा बाईंकडे विषय मांडतो म्हणाले. झीनतुन्निसा आणि शहरबानू या दोघींना मिळून एक सातवा शनिवार द्यावा आणि त्यासाठी शुल्कात दोनशे रुपये वाढवले तरी माझी हरकत नाही, असेही मी खाली लिहून सही केली आहे. दिवाळीनंतरच्या तुकडीचे पत्रक परवाच हाती आले. त्यावर शनिवार सहाच आहेत, शुल्क मात्र १,४०० रुपये झाले आहे.